गंधकाचा ठसा

साल १९५६. मेंढरं डोंगरावरून खाली उतरायच्या दिवसांत बाकीझिओने आपली जुनी जर्मन लष्करी बंदूक तातानाकडे आणली. सार्डिनियातल्या त्या गावात बंदुका दुरुस्त करणारी ती एकटीच बाई. काम बापाकडून शिकलेली, आणि आठ वर्षांपूर्वी विधवा झालेली.

"वहिनी, हिला शिकारीचं काडतूस बसेल असं करून द्या. लष्करी काडतूस घरात सापडलं की पोलीस उचलून नेतात. आणि हे चीज दिएगूसाठी. लेकराच्या अंगावर जरा मांस चढू दे."

"लेकरू बावीस वर्षांचं झालंय, काका," दिएगू दारातूनच म्हणाला.

बाकीझिओ त्याचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यानेच त्याला हातांवर धरलं होतं. दिएगूच्या गळ्यात दोरीला एक रिकामं काडतूस असायचं, बापाच्या प्रेताजवळ सापडलेलं. त्या काडतुसाच्या निमुळत्या मानेवर मोहरीएवढा फुगवटा होता. मारणारा सापडला की हे गळ्यातून काढीन, असं तो चारचौघांत सांगायचा. काढीन म्हणजे काय, ते गावात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

ताताना म्हणाली, "आधी ठसा घेते. आत काय आहे ते बघितल्याशिवाय नळी कोरायला रीमर फिरवला, तर बंदूक मालकाच्याच तोंडावर फुटते."

तिने नळीत चिंधी कोंबली आणि काडतूस बसतं त्या जागेत वितळलेलं गंधक ओतलं. ते निवेपर्यंत बोलायचं म्हणून तिने विचारलं, "कधीपासून आहे ही तुमच्याकडे, भाऊजी?"

"लढाई संपली तेव्हापासून. दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. एक वेळ बायको देईन उसनी, पण ही नाही!" तो आपल्याच विनोदावर खळखळून हसला.

तिने गज घालून ठसा बाहेर ढकलला. पिवळाधमक ठसा तळहातावर पडला. मानेवर मोहरीएवढा फुगवटा. आत गंजाने खड्डा पडला होता, आणि या बंदुकीतून उडालेल्या प्रत्येक काडतुसावर तो असाच उमटणार होता.

दर शनिवारी ती ते काडतूस पुसून मुलाच्या गळ्यात परत घालत आली होती. ताडून बघायची तिला गरज नव्हती. बाकीझिओ समोर चीजचा तुकडा कापत होता. त्याला तीन भाऊ होते. तिला एकच मुलगा.

"झाला? बघू," म्हणत दिएगूने हात पुढे केला.

तातानाचा हात उघडला. ठसा दगडी फरशीवर पडून फुटला. मोठा तुकडा तिने पायाखाली दडवला.

"आई! तुझ्या हातून कधी ठसा पडला नाही."

"निसटला. म्हातारी झाले."

"मग दुसरा ओत."

"नको. मला दिसलं काय ते."

दिवसभर तिने रीमर हाताने फिरवला. अर्धा फेरा, पुसणं, तेल, पुन्हा अर्धा फेरा. गंजाच्या त्या खड्ड्याभोवतीचं लोखंड कीस होऊन बाहेर आलं, खड्डा उरला नाही. दुसऱ्या दिवशी तिने बंदूक गाडीच्या जुन्या टायरला बांधली आणि भिंतीआडून दोरी ओढून तीन बार काढले. तिन्ही रिकामी काडतुसं उजेडात धरून पाहिली. गुळगुळीत. बंदूक निर्धोक झाली होती.

बाकीझिओ ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या खाटेवर गेला. ताताना त्याच्या मयताला पहिल्या रांगेत बसली होती. दिएगू वाट पाहून थकला, काडतूस आईच्या हवाली करून तोरिनोला मोटारींच्या कारखान्यात लागला आणि तिथेच संसार केला.

ताताना गेली तेव्हा तो साठीचा होता. तिच्या खणात काडतूस होतं, आणि शेजारी रुमालात गुंडाळलेला पिवळा तुकडा. त्याने दोन्ही एकमेकांजवळ धरली. तुकड्यावरही तोच मोहरीएवढा फुगवटा होता.

"बाबा, काय आहे ते? बघू," त्याचा मुलगा लूका दारातून म्हणाला.

पिवळा तुकडा फरशीवर पडून फुटला.

"काही नाही रे," दिएगू म्हणाला. "निसटलं."