पट्टीचा रंग

कोल्हापुरी चप्पल करकरवत दत्तोबा चौगुले जिना चढून दारात आले, तेव्हा मटार सोलत बसलेल्या त्यांच्या मुलीच्या, शर्वरीच्या मनगटावरची डॉक्टरांनी दिलेली पट्टी लाल झाली होती. अंगात भीती उठली की झटका यायच्या आधीच ती रंग बदलायची. शर्वरीनं शिकवल्याप्रमाणे पाय फरशीवर घट्ट रोवले, सावकाश श्वास सोडला. झटका टळला.

“कशाला घाबरलीस गं? कोण आलं होतं?”

“कुणी नाही, अण्णा. तुम्हीच आलात.”

डॉक्टर मुजावरबाई म्हणाल्या होत्या, “ही मिरगी नव्हे आणि नाटकही नव्हे. पट्टी कशानं लाल होते, ते घरच्यांनी बघा.” दत्तोबांनी कॉलेजवर, शेजाऱ्यांवर, अगदी मिक्सरच्या आवाजावरही संशय घेतला होता.

त्यांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. दहावीच्या निकालादिवशी हीच चप्पल त्यांनी उगारली होती. मारली नव्हती; पोरगी त्याआधीच कोसळली. मग घाबरून तीच तिच्या नाकाशी धरली, आणि पुढे दर झटक्याला धरत आले. चामड्याच्या वासानं फिट उतरते, असं त्यांची आई सांगायची.

दुसऱ्या दिवशी चप्पल खालीच काढून ते अनवाणी वर आले. दाराच्या फटीतून त्यांना दिसलं, शर्वरी आईला कुणाची तरी नक्कल करून दाखवत खळखळून हसत होती. पट्टी हिरवीगार होती.

हे हसणं आपल्या घरात आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दत्तोबांनी कडीकडे नेलेला हात मागे घेतला आणि ते पायरीवरच बसून राहिले.