खिशावरचं नाव
घरात हिजाब कुणीच वापरत नव्हतं. ‘पुढे नोकरीच्या आड येईल,’ असं अब्बांनी बजावलं होतं. म्हणून ती रोज कॉलेजच्या बाथरूममध्ये आरशासमोर तो बांधायची आणि घरी निघताना सोडून डब्याच्या पिशवीत कोंबायची. महिनाभर कुणाला पत्ता लागला नव्हता. आज टाचणी दातांत धरलेली असतानाच दार ढकलून प्लंबर आत आला. आरशात त्याचा चेहरा दिसला. अब्बाच होते. ‘घरी सांगू नका’ एवढंच म्हणायचं होतं, पण मान वर होईना. नजर त्यांच्या खिशावरच्या बिल्ल्यापाशी अडकली. त्यावर अब्बांचं नाव नव्हतं. ज्याला कुणी धर्म विचारत नाही असं भलतंच नाव होतं. अब्बांनी हाताने बिल्ला झाकला. बाहेरून मुकादमाने त्याच नावाने हाक मारली. ते पुटपुटले, ‘बेटा, घरी सांगू नकोस.’