नळाची अट

"मंदिर कुठं हाय गं?" गुरुबसप्पा सरांनी वाकून विचारलं.

"न्हाई सर," स्वप्नाली म्हणाली.

"मशीद?"

"ती बी न्हाई. कोणीच देव मानत न्हाई ना तवा."

सरांचा चेहरा खुलला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात अकरा नंबरच्या टेबलावर थर्माकोलचं शहर पसरलं होतं. वर पाटी होती, 'लातूर, सन २०७५'. काडेपेट्यांची घरं, सलाईनच्या नळ्यांची पाइपलाइन आणि प्रत्येक दारात खऱ्या पाण्याचा थेंब सोडणारा नळ. नववीतल्या पोरीनं हे एकटीनं केलं होतं. सरांना अगदी भरून आलं. विसाव्या वर्षी त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून आईच्या हातात दिलं, तेव्हापासून नातेवाइकांनी त्यांना कमी ऐकवलं नव्हतं. एकट्यानं राहिले, विज्ञान शिकवत राहिले. आज त्यांच्या मनातलं शहर कोणीतरी न सांगता बांधून ठेवलं होतं.

दुसरे परीक्षक होते नजीर इंजिनिअर, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, पाच वेळचे नमाजी. सरांचे शाळेपासूनचे दोस्त. देव आहे की नाही यावर दोघं पन्नास वर्षं तावातावानं भांडत आले होते, आणि भांडून घसा सुकला की एकाच टपरीवर चहा प्यायचे. नजीरचं लक्ष शहराकडे नव्हतं, नळांकडे होतं.

"पण लोकांनी देव सोडला कसा, बेटा?"

"सोपं हाय सर. ज्याच्या घरी पूजा न्हाईतर नमाज, त्याचा नळ बंद."

"कळतंय कसं?"

"मीटरवरून. दिवसात पाच टायमाला थोडं थोडं पाणी गेलं की वजू, नमाजाआधी हातपाय धुत्यात ते. पहाटे सगळ्याच्या आधी तांब्याभर गेलं की पूजा. मग व्हॉल्व्ह आपोआप बंद. आठ दिवस."

तिनं मोबाइलवर बोट टेकवलं. एका गल्लीतले बरेचसे नळ एकदम थांबले. बघायला आलेल्या दोन बायका हसता हसता गप्प झाल्या. लातूरच्या माणसाला नळ बंद होण्याची गंमत वाटत नाही, मग तो काडेपेटीच्या दारातला का असेना.

"ही तर आपलीच गल्ली, गुरू," नजीर म्हणाले आणि स्वप्नालीकडे वळले. "माझा नळ कोणता?"

"हा. बंद हाय सर," स्वप्नालीनं सरळ मनानं सांगितलं.

गुरुबसप्पा मोठ्यानं हसले. "अरे, पन्नास वर्षांनंतरचं हाय ते. तू कुठं असणार तवा?"

"शेजारचा बी बंद हाय, गुरू. तुझ्या अक्काचा."

पार्वतम्मा अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. लिंगपूजा झाल्याशिवाय ती घोटभर पाणी पीत नसे.

"सुटंल आठ दिवसांत तिचं खूळ."

"तहानेनं?" नजीर त्यांच्याकडे बघत राहिले. "हे तू बोलायलास, गुरू?"

सर चिडले. "मार्क मॉडेलला द्यायचेत, तुझ्या नमाजाला न्हाई!"

नजीरनी पेन खिशाला लावलं. त्यांच्या नावापुढचा रकाना कोरा राहिला. मुख्य परीक्षक सर होते, त्यांची एक सही पुरेशी होती. त्यांनी बॉलपेननं ठसठशीत लिहिलं, पन्नासपैकी पन्नास, आणि खाली सही केली. नजीर भांडले असते तर बरं झालं असतं, असं सरांना क्षणभर वाटलं, पण ते आनंदात होते.

तेवढ्यात नगरसेवक रुद्रेश आले. सरांचेच जुने विद्यार्थी. पहिलं आलेलं मॉडेल माझ्या प्रभागात राबवणार, असं त्यांनी उद्घाटनाच्या भाषणात जाहीर केलं होतं. सरांच्या पाया पडून त्यांनी गुणपत्रिका हातात घेतली आणि स्वप्नालीकडून मॉडेल तीनदा चालवून घेतलं. नळ थांबले, सुटले, पुन्हा थांबले.

"सर, ह्याला पन्नास वर्षं कशाला थांबायचं?" रुद्रेश म्हणाले. "मीटर तर ह्याच वर्षी बसवायलोत आपण." मग ते स्वप्नालीकडे वळले. "अट तेवढी उलटी करता येती का गं? ज्याच्या घरी देव न्हाई, त्याचा नळ बंद."

"येती की, भाऊ!" ती खूश झाली. तिनं बोट टेकवलं.

अक्काचा नळ सुटला. नजीरचा सुटला. त्यांच्या पलीकडच्या काडेपेटीतला नळ थांबला. त्या घरात कोण राहतं हे सरांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी हात पुढे केला.

"रुद्रेश, तो कागद दे इकडं."

"कशाला सर? तुमचीच तर सही हाय." रुद्रेशनी कागदाची घडी घालून खिशात टाकली.

नजीर पुढे झाले. त्यांनी स्वतःच्या वाहत्या नळाकडे बघितलंसुद्धा नाही. "हे बी चालणार न्हाई, रुद्रेश. सरांचा नळ पयला चालू कर."

रुद्रेश हसले. त्यांची नजर सरांच्या कोरड्या नळावरून निघाली आणि शेजारी, नजीरच्या दारात ठिबकणाऱ्या थेंबावर येऊन थांबली.

त्यांना काय अडलं असेल, ते हुशार पोरीनं बरोबर ओळखलं.

"भाऊ," ती उत्साहानं म्हणाली, "कोणता देव, ते बी निवडता येतंय."