नितळ पाण्यातला मासा

थंडीने तळ्यातले मासे गारठून तळाला बसले होते. वर यायचे ते फक्त त्या नालायक कारखान्याच्या नाल्यापाशी, कोमट घाणीत ऊब घ्यायला. सगळ्यांचे गळ तिथेच पडलेले. घरी पोटुशी लेक ‘मासा मासा’ करत होती, तरी बाप नाल्याकडे बघून थुंकला आणि पलीकडच्या नितळ पाण्यात गळ खोल सोडून बसला.

“मामा, मासे धरताय की हवा खाताय?” नाल्यावरचे खिदळले.

“तुम्ही गिळा ती घाण! माझी लेक नाही गिळणार.”

बोटं बधिर झाली तेव्हा कुठे एक मासा लागला, चांगला चकचकीत. तो मिरवत घरी आला. लेक ताट घेऊनच बसली.

बायकोने माशाच्या पोटात सुरी घातली आणि अख्ख्या स्वयंपाकघरात नाल्याचा भपकारा सुटला.