शेवटच्या वाटीतला रंग

दुसऱ्यांदा काढलेल्या रक्तानेही तोच रंग दाखवला.

प्रयोगशाळेतल्या ताईंनी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट, तिच्यात वाटाण्याएवढ्या वाट्यांच्या ओळी. पहिल्या वाटीत नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या नाळेतलं रक्त, मग मुलांचं, तरुणांचं, असं चढत्या वयाने. शरीरात जंतू शिरले की पेशी एकमेकींना सावध करण्यासाठी रक्तात काही रेणू सोडतात. वाटीत रसायन घातलं की ते जितके जास्त, तितका निळा रंग गडद. इथे सगळे त्यांना ‘ओरडणारे’ म्हणत. वयाबरोबर, काही आजार नसतानाही, ते थोडे थोडे वाढत जातात. त्यामुळे ओळीतला निळा हळूहळू चढत गेला होता. शेवटची वाटी मात्र जवळजवळ काळी होती.

ती वाटी ताईंच्या सासूबाईंची होती. वय त्र्याण्णव.

“एवढा रंग न्यूमोनियाच्या पेशंटला येतो,” संशोधन करणारा तरुण डॉक्टर म्हणाला. “आपल्याला अभ्यासात निरोगी माणसंच हवीत. हे नाव बाद करावं लागेल, ताई. आणि...”

“आणि काय?”

“छातीचा फोटो येऊ दे, पण मला वाटतं त्यांना आजच दाखल करावं. या वयात ताप येतोच असं नाही. आत पेटलेलं असतं आणि अंग गार लागतं.”

ताईंनी प्लेट टेबलावर ठेवली. मग त्या तडक दाराकडे वळल्या.

बाहेर व्हरांड्यात सासूबाई व्हीलचेअरवर बसून बिस्किट खात होत्या. सून दिसताच त्यांनी कोपराच्या खळगीत चिकटवलेला कापूस पुढे केला.

“तीस वर्षं सांगत फिरलीस, सासूने माझं रक्त आटवलं. आता माझं काढायला निघालीस. तेही दोन दोनदा!”

“आई, खरं सांगा. दम लागतोय? छातीत दुखतं?”

“तुझा स्वयंपाक पचवते मी. याहून तब्येत काय असते?”

ताईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. एरवी जीव भांड्यात पडला असता. आज त्या गारव्याचीच भीती वाटली.

“अशी काय बघतेस? मेले नाही अजून.”

“असं बोलू नका हो, आई.”

सासूबाई चावायच्या थांबल्या. सुनेने टोमणा परत न करता सोडून दिला, असं आजवर झालं नव्हतं. उरलेलं बिस्किट त्यांनी मांडीवरच्या रुमालात ठेवलं.

“इतकं वाईट आहे का गं?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात दारातून डॉक्टरची हाक आली.

“ताई, आत या. आजींनाही आणा.”

टेबलावर दुसरी प्लेट होती. माणसं तीच, क्रमही तोच. फक्त ही दुसऱ्या रेणूंसाठी होती. ओरडणाऱ्यांना ‘पुरे आता, आपापल्या जागी जा’ असं सांगणारे हे ‘समजावणारे’. रंग नुकता चढू लागला होता. सगळी ओळ फिकी. साठी-सत्तरीच्या वाट्याही फिक्याच. तिथे ओरडणारे वाढले होते, पण त्यांना आवरायला पुरेसं कुणी नव्हतं. ताईंची स्वतःची वाटीही त्यांतच होती.

शेवटची वाटी डोळ्यांदेखत भरत चालली होती. आधी आकाशी, मग निळी, मग शाईसारखी. बघता बघता तिचा तळ दिसेनासा झाला.

डॉक्टरने पहिली प्लेट तिच्या शेजारी सरकवली. दोन्हींतल्या शेवटच्या वाट्या आता वेगळ्या ओळखता येत नव्हत्या.

“फोटो आला. छाती स्वच्छ आहे,” तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “आजारी नाहीत त्या, ताई. नाव राहू दे. फार म्हाताऱ्या माणसांत कधी कधी असं दिसतं, हे वाचलं होतं मी. वाचलं होतं फक्त.”

ताई स्टुलावर बसल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि न लावताच पुन्हा पुसू लागल्या.

“मला सांगेल का कुणी काही?” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. “आजी, हे तुमचे ओरडणारे. चोर आला, चोर आला, म्हणून सारखी बोंब ठोकताहेत. आणि हे त्यांची समजूत घालणारे. जेवढे ते, तेवढेच हे, म्हणून तुम्ही ठणठणीत.”

“हे माझ्यात?”

“तुमच्यात.”

“कधीपासून?”

“काय सांगू? बरीच वर्षं असावीत. रात्रंदिवस. तुम्ही झोपता तेव्हाही.”

“आणि मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही!”

पण त्या हसल्या नाहीत. कितीतरी वेळ दोन्ही वाट्यांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग त्यांनी आपला हात डोळ्यांजवळ नेला. कातडी कागदासारखी, तिच्याखाली शिरा. हात त्यांनी उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि कुणाचा तरी सांभाळायला दिलेला असावा तसा अलगद मांडीवर ठेवला.

ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“घरात दिवसभर आरडाओरडा असतो तो पुरत नाही वाटतं! आतसुद्धा तेच!”

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” त्या कुजबुजल्या. “आत कामं चाललीत.”