दीड तास

नागपूर विमानतळावरून आई बाहेर आली ती टॉवेलात गुंडाळलेला डबा पोटाशी धरून. कोल्हापूरहून वीस तास लागतात, हे मीच तिला वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. म्हणून तिनं पहाटे उठून दोन वेळच्या दशम्या बांधल्या होत्या.

"डबा उघडायच्या आत उतरलं की रं विमान! दीड तास बी नाही लागला," ती हसत म्हणाली.

मी तिच्याकडून डबा घेतला.

"शेजारची बाई म्हणत होती, दोन वर्षं झाली हे विमान सुरू होऊन. चांगलं सुनावलं मी तिला. म्हटलं, उगाच कायबी सांगू नका. विमान असतं, तर माझा ल्योक गेल्या साली बापाच्या मातीला पोचला नसता व्हय?"

मी मान वर केली नाही. डबा हाताला अजून कोमट लागत होता.