तोमासाचं नाव

"मूल पायाळू होतं. मी ओढलं. बाहेर आलं तेव्हा निळं पडलं होतं." साहेबांनी कागदावरून वाचलं आणि पास्कुआलाच्या पायाखालची जमीन सरकली. ते शब्द तिचे होते.

आरोग्य केंद्राच्या ओसरीवर आसपासच्या गावांतल्या चाळीसेक सुइणी बसल्या होत्या. ग्वातेमाला शहरातून आलेले साहेब स्पॅनिशमध्ये वाचत होते. पास्कुआलाच्या शेजारी म्हातारी तोमासा होती. तिला किचेशिवाय दुसरी भाषा यायची नाही. म्हणून दर बैठकीला ती दरीपलीकडच्या आपल्या गावाहून यायची आणि पास्कुआलाला खेटून बसायची. साहेब बोलायचे आणि पास्कुआला तिच्या कानात सांगायची. वीस वर्षं हेच चाललं होतं.

"काय म्हणतोय गं?" तोमासाने कोपर मारलं.

"नेहमीचंच. हात धुवा."

"मेल्यांना वाटतं, आपण हात न धुताच म्हाताऱ्या झालो."

साहेबांच्या बाजूच्या खुर्चीवर इरेने बसली होती. शहरातली शिकलेली पोर. सुइणींच्या विद्येचा अभ्यास करायला आली आणि दोन वर्षं पास्कुआलाच्या घरात राहिली. चुलीशेजारी निजली, किचे शिकली, घरच्या मुलीसारखी तिला 'नान', म्हणजे आई, म्हणू लागली. पास्कुआलाने तिला तुहमध्येसुद्धा नेलं. तुह म्हणजे अंगणातली वाफेची बुटकी खोली, बाळंतिणीला तिथे शेकतात. तिथे बायका मनातलं सगळं बोलतात, आणि तिथलं बोलणं तिथेच ठेवून बाहेर पडतात. हे लहान पोरीलाही ठाऊक असतं. इरेनेलाही बजावलं होतं. तिने शहाण्यासारखी मान डोलावली होती, वही बाहेर ठेवली होती. आणि मग अंग पुसून झाल्यावर पहिली ती वहीच उघडली असणार!

पुढचं वाक्य पास्कुआलाला पाठ होतं. 'मी तीनदा फोन केला, अँब्युलन्स आलीच नाही.' साहेबांनी नेमकं तिथेच पान उलटलं.

"अशा बायकांमुळेच नवा नियम आलाय," ते म्हणाले. "अडलेल्या बाईला हात लावला की ओळखपत्र रद्द. सुरुवात आजपासून, हिच्यापासून."

ओळखपत्र गेलं की सुईण संपली. तिच्या अंगठ्याशिवाय बाळाचा दाखला निघत नाही, मग तिला बोलावणार कोण? पास्कुआलाला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही व्हायचंही नव्हतं. तिने कमरपट्ट्यात खोचलेलं ओळखपत्र घट्ट दाबून धरलं आणि इरेनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. पोटच्या पोरीसारखी जपली, आणि हिने केसाने गळा कापला! आता नाव पुकारतील. चाळीस जणींसमोर.

"नाव आहे," साहेबांनी कागदावरून बोट फिरवलं, "तोमासा इश्कोय."

तेव्हा कुठे पास्कुआलाला आठवलं. "तुमचं खरं नाव अहवालात घालणार नाही, नान," इरेने एकदा तिला म्हणाली होती. "दुसरं एखादं सांगा." पण नाव काय वाटेवर पडलेलं असतं? आजीचं नाव नातीला देतात, आजीची जागा कुणीतरी घ्यावी म्हणून. आणि ही विद्या पास्कुआलाला हात धरून शिकवली होती तोमासाने. मग पास्कुआलाने मोठ्या मानाने तेच नाव दिलं. इरेनेने ते लिहून घेतलं. अशी कुणी खरोखर आहे का, हे तिने विचारलं नाही आणि पास्कुआलानेही सांगितलं नाही.

"माझं नाव घेतलं ना?" तोमासा गुडघ्यावर हात टेकून उठली.

तिला पाहताच इरेनेचा चेहरा पांढराफटक पडला. ती ताडकन उभी राहिली. "साहेब, ते नाव बदललेलं आहे. ही ती बाई नव्हे!"

"मग कोण ती?"

इरेनेने पास्कुआलाकडे पाहिलं. नाव सांगणार नाही असा शब्द दिला होता, आणि तो नेमका आज ती पाळत होती. मोड गं पोरी, पास्कुआला मनात म्हणत होती, तुहमधला मोडलास, आता हाही मोड. म्हणजे मला काही बोलायला नको.

इरेनेने शब्द मोडला नाही.

"नाव खोटं आणि बाई मात्र समोर उभी!" साहेब हसले. "बसा मॅडम. तुमचा अभ्यास झाला, आता आम्हाला आमचं काम करू द्या." मग ते पास्कुआलाकडे वळले. "तुम्ही हिला समजावून सांगता ना? सांगा, ओळखपत्र जमा कर म्हणावं."

"काय म्हणतोय?" तोमासाने विचारलं.

"ओळखपत्र मागतोय."

"का गं?"

सगळ्या सुइणी बघत होत्या. पास्कुआलाचा हात अजून कमरेवर होता. ती काय बोलते ते इरेनेला कळणार होतं, तरी तिने तिकडे पाहिलं नाही.

"नवीन देणार आहेत," पास्कुआला म्हणाली.

तोमासा बोळकं पसरून हसली. कमरपट्ट्यातून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ओळखपत्र काढलं, झग्याला पुसलं आणि साहेबांपुढे धरलं.

"मग त्यांना सांग, या खेपेला फोटो जरा बरा काढा. यात मी अगदी चोरासारखी दिसते."